नळी फॉल्स सीलिंगच्या वर जाते, तिथे बघा

‘कास्ट आयर्न वुड बर्निंग स्टोव्ह, १५ किलोवॅट, सिरॅमिक ग्लास, फायरब्रिक, एसएस ३०४ पाइप, फिटिंगसह. एकूण रु. १,६५,०००.’

मुलुंडच्या एका निवृत्त जोडप्याला मिळालेलं कोटेशन एवढंच होतं, एका ओळीचं. पाचगणीजवळच्या त्यांच्या कौलारू घरात लाकडाची बंद शेगडी बसवायची होती. सत्तर टक्के आगाऊ, तेही दुकानाच्या नव्हे, मालकाच्या खाजगी नंबरवर यूपीआयने. पावती नाही, जीएसटीचं बिल ‘फिटिंग झाल्यावर’. त्या ओळीतली एकही गोष्ट लिहिल्याप्रमाणे आली नाही.

मुंबईत कुणाला अशी शेगडी लागत नाही. पण वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात आले की इथल्या दुकानांत चौकशा सुरू होतात, आणि विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की शेगडी इथे नाही, अडीचशे किलोमीटरवर पेटणार आहे. गिऱ्हाईक ती महिन्यातून दोन दिवस वापरणार, तक्रार फोनवर करणार. (‘फ्लॅटमध्येही बसवून देतो’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. तिथे हॉलमधल्या शेगडीचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीत सोडायला कुठली सोसायटी हो म्हणेल?)

आधी शेगडी. शोरूममध्ये दाखवलेला नग अस्सल बिडाचा (म्हणजे कास्ट आयर्नचा) होता, घरी आला तो वेगळा. टेम्पोतून ती एका पोराने एकट्याने उतरवली, तिथेच थांबायला हवं होतं. हिशेब सोपा आहे. पेटी २४ बाय २० बाय १८ इंच, म्हणजे सहा बाजू मिळून साधारण पावणेअठरा चौरस फूट. ३ मिमी लोखंडी पत्रा चौरस फुटाला सुमारे २.२ किलो भरतो, म्हणजे पेटी ३९ किलोची. तीच ६ मिमी बिडाची असती तर नुसती पेटी सत्तर किलोच्या पुढे, आणि दार, जाळी, विटा धरून शंभराच्या आसपास. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण तो बिडालाही चिकटतो आणि पत्र्यालाही. राखेचा ड्रॉवर काढून आत टॉर्च मारा. कोपऱ्यात वेल्डिंगची शिवण दिसली आणि पृष्ठभाग पत्र्यासारखा गुळगुळीत असला तर ते बीड नव्हे. बिडाचा आतला भाग खरखरीत, दाणेदार असतो.

वेल्डिंग केलेली लोखंडी शेगडी वाईटच असते असं नाही. ५-६ मिमी प्लेटची असेल तर चांगली टिकते. ३ मिमीची मात्र आठ-दहा वेळा पेटली की समोरची चौकट वाकते, दार नीट बसत नाही आणि हवेवरचा ताबा जातो. दाराच्या खाचेत सिरॅमिक दोरी असते. दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून हवा शिरते. चारही बाजूंना करून बघा, बिजागरीच्या बाजूलाही.

काचेबाबत वाद घालत बसू नका, काच कडेने बघा. साधी किंवा टफन्ड काच कडेने हिरवट दिसते, सिरॅमिक काचेत किंचित मधासारखी छटा असते. टफन्ड काच अडीचशे-तीनशे अंशांपर्यंतच भरवशाची, तर सिरॅमिक सातशेच्या आसपासही टिकते. या घरात तिसऱ्या वेळी शेगडी पेटवली तेव्हा काच फुटून जमिनीवर साखरेच्या खड्यांसारखे दाणे पसरले. दुकानदाराचं उत्तर होतं, ‘काका, तुम्ही पाणी मारलं असेल.’ आतल्या विटाही फायरब्रिक, म्हणजे आगीत टिकणाऱ्या, नव्हत्या. साध्या लाल विटा चिरून सिमेंटने चिकटवल्या होत्या, आणि दोन महिन्यांत सिमेंटचा भुगा होऊन त्या हलायला लागल्या.

१५ किलोवॅट या आकड्याला तर काही अर्थच नव्हता. चांगल्या सुकलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते. शेगडीने त्यातली ६० टक्के खोलीत दिली तर २.४ युनिट. १५ किलोवॅट हवे असतील तर तासाला सहा किलोच्या वर लाकूड जाळावं लागेल, आणि या पेटीत एका वेळी तीन किलोही नीट मावत नव्हतं. मुळात एवढ्याची गरजही नव्हती. १२ बाय १५ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ५१ घनमीटर. त्याला ठोकताळ्याप्रमाणे १४ ने भागा, साडेतीन-चार किलोवॅट येतात. खोली अगदीच गळकी असेल तर पाच. मोठी शेगडी छोट्या खोलीत बसवली की लोक हवा बंद करून आग धुमसत ठेवतात, आणि धुमसत्या आगीतून नळीत डांबर जमतं.

आता नळी. खरी लूट इथेच होते, कारण शेगडी समोर असते आणि नळी छतात गडप होते. दिसणाऱ्या भागात, शेगडीपासून फॉल्स सीलिंगपर्यंत साडेचार फूट, चकचकीत स्टेनलेस पाइप होता. सीलिंगचा एक बोर्ड काढून पाहिला तर वर एसीच्या डक्टचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, जेमतेम अर्धा मिमी जाडीचा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर दोनशे अंशांच्या वर फार काळ टिकत नाही, आणि जस्त ४१९ अंशांना वितळतं. नेहमीच्या आगीतही नळीतला धूर दोनशे-तीनशे अंशांचा असतो. नळीतल्या डांबराने पेट घेतला तर तापमान हजारापर्यंत जातं. असा पत्रा सागाच्या वाशापासून दोन इंचांवरून गेला होता आणि वाशाची ती बाजू तपकिरी पडली होती. तो रंग नुसता डाग समजू नका. पुन्हा पुन्हा तापलेलं लाकूड कोळशाकडे झुकतं आणि आधीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेतं.

एकेरी नळी लाकडापासून दीड फूट लांब हवी. कौलारू छतात वासे आणि रीपा एवढ्या जवळ असतात की दीड फूट मिळतच नाही, म्हणून छतातून जाताना दुहेरी नळी लागते. तिच्यात दोन स्टेनलेस नळ्या एकात एक असतात आणि मधे इंचभर सिरॅमिक किंवा रॉकवूलचा उष्णतारोधक थर. अशी नळी लाकडापासून साधारण दोन इंचांवर चालते, पण नेमका आकडा बनवणाऱ्याने त्या तुकड्यावर किंवा पत्रकात दिलेला असतो, तोच पाळायचा. दुहेरी नळी महाग असते, बऱ्याचदा शेगडीच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून ‘पाइप फिटिंगसह’ असं मोघम लिहिणाऱ्याचा नफा कुठून येतो हे वेगळं सांगायला नको.

दिसणारा स्टेनलेस पाइपसुद्धा सगळा ३०४ नव्हता. ३०४ आणि २०२ हे स्टेनलेस स्टीलचे दोन ग्रेड दिसायला सारखेच, आणि लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही. सी. पी. टँक, भुलेश्वर भागात स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे तपासणीच्या द्रवाची छोटी बाटली आणि ९ व्होल्टची बॅटरी असते. पाइपवर एक थेंब टाकायचा, बॅटरीचं एक टोक पाइपला आणि दुसरं थेंबाला लावायचं. २०२ मध्ये मँगनीज जास्त, त्यामुळे थेंब काही सेकंदांत लालभडक होतो. ३०४ वर तो लाल होत नाही. ही बाटली मागवून घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर थेंब टाका, एका तुकड्यावर टाकून समाधान मानू नका. इथे खालचा तुकडा ३०४ होता, वरचे दोन २०२. शोरूममध्ये तपासायला कुठला तुकडा पुढे केला असेल ते ओळखा.

मापातही खेळ होता. शेगडीचं तोंड १५० मिमीचं, पण सीलिंगच्या वर रेड्युसर (नळी अरुंद करणारा जोड) घालून नळी १०० मिमी केलेली. नळीचा व्यास दोन-तृतीयांश झाला की धूर जाण्याची जागा ४४ टक्केच उरते. त्यात भर म्हणून कौलं फोडायला नकोत म्हणून नळी दोन काटकोनी वळणं घेऊन भिंतीतून पागोळीखाली बाहेर काढली होती. एकूण उंची नऊ फूट. शेगडीच्या वर निदान पंधरा फूट उभी नळी हवी, वळण टाळता येत नसेल तर ४५ अंशांचं. तोंड छतातून बाहेर आल्यावर तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल (पाखा, टाकी, भिंत) त्याच्यापेक्षा दोन फूट वर. पागोळीखाली तोंड ठेवलं की वारा धूर परत ढकलतो.

एक चूक बहुतेक डक्टवाले इमानदारीनेही करतात. नळीच्या तुकड्यांचं चेपलेलं, बारीक टोक खाली, शेगडीकडे असायला हवं, म्हणजे आत ओघळणारं डांबर परत आगीत पडतं. ‘धूर वर जातो’ या हिशेबाने उलटं बसवलं की प्रत्येक सांध्यातून काळे ओघळ बाहेर येतात. या घरात पांढऱ्या भिंतीवर कोपरभर लांब ओघळ उतरला होता आणि घासूनही गेला नाही.

पहिल्याच संध्याकाळी खोलीभर धूर झाला तेव्हा फोनवर उत्तर मिळालं, ‘काकू, नवीन रंगाचा वास आहे, दोन-तीनदा येणारच.’

‘अहो, वास नाही, डोळे झोंबतायत.’

‘मग लाकूड ओलं असेल.’

यात अर्धं खरं असतं, म्हणूनच ते पटतं. नव्या शेगडीचा रंग पहिल्या काही छोट्या आगींत भाजून निघतो आणि वास येतो. ओल्या लाकडाने धूर होतो हेही खरं. पण त्याचा निकाल पाचशे-हजाराच्या ओलावामापकाने लागतो. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचा, २० टक्क्यांच्या आत हवं. त्यांच्या वखारीतल्या बाभळीत १७ आलं. दोष लाकडात नव्हता.

यानंतरचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा होता. धूर जात नाही म्हणून खोलीत एक्झॉस्ट फॅन बसवा असं सांगून आणखी १२,००० घेतले. बंद खोलीतली हवा फॅनने बाहेर खेचली की तिची जागा भरायला हवा सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे नळीतूनच उलटी येते आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड आणते. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणसाला वाटतं घाटात गाडी लागली. शेगडीच्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या स्वयंपाकघरात आग चालू असताना एक्झॉस्ट नको, बाहेरच्या हवेसाठी भिंतीत कायमची उघडी जाळी हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा घ्या, ‘ईएन ५०२९१’ हे मानक छापलेला. धुराचा अलार्म वेगळा, तो इथे चालत नाही.

म्हणून कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत मागा: शेगडीचं वजन आणि प्लेटची जाडी मिमीमध्ये, काचेचा प्रकार, नळीचा व्यास, प्रत्येक तुकड्याची लांबी, एकेरी की दुहेरी, स्टीलचा ग्रेड आणि जाडी, छतातल्या भोकाचं कॉलर, टोपी. ‘पाइप सेट’ हा शब्द खपवून घेऊ नका. शोरूममधल्या नगाच्या पाठीमागची पट्टी आणि क्रमांक यांचा फोटो काढा आणि टेम्पो आल्यावर ताडून बघा. आगाऊ रक्कम दुकानाच्या खात्यात आणि तीस-चाळीस टक्क्यांच्या वर नाही. सीलिंग बंद करण्याआधी वरच्या नळीचे फोटो, आणि शेवटचे वीस टक्के दोन तास आग चालवून पाहिल्यावर. त्या दोन तासांत एक उदबत्ती पेटवून शेगडीच्या दाराच्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. खोलीकडे वळला तर पैसे खिशातच राहू द्या.

पैसे आधीच गेले असतील तर पहिला फोन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. त्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे शेगडी पाचगणीत असली तरी मुलुंडच्या माणसाला मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आणि ‘रंगाचा वास आहे’ छापाचे मेसेज पुसू नका, फोन बदलताना तर मुळीच नाही.

आणि काढलेलं सामान भंगारात घालू नका. या जोडप्याने पाचगणीतून शेगडी खाली आणताना वाईच्या एका वजनकाट्यावर ठेवून पावती घेतली. विटा काढून, दारासकट, ४१ किलो. स्टेनलेस नळीचे तुकडे मुलुंडच्या गॅलरीत आहेत, वरून खाली क्रमाने नंबर टाकलेले. दोन नंबरच्या तुकड्यावर थेंबाचा लाल डाग अजून दिसतो.