जॅक रीचर: कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं

ली चाइल्ड या लेखकाची जॅक रीचरची पुस्तकं, म्हणजे गावोगाव भटकणाऱ्या एका माजी मिलिटरी पोलिसाच्या थरारकथा, मी गेली बारा-तेरा वर्षं वाचतेय आणि सिरीज कशी आहे असं कोणी विचारलं की पटकन उत्तरच देता येत नाही, कारण एक पुस्तक रात्री तीनपर्यंत जागवतं आणि दुसरं शंभराव्या पानावर पालथं पडलेलं तसंच राहतं.

पहिलं ‘किलिंग फ्लोअर’ (१९९७) आजही भारीच. जॉर्जियातलं छोटंसं गाव, रीचर डायनरमध्ये अंडी खात बसलाय आणि पोलीस येऊन त्याला उचलतात. पुढे नकली नोटांचं प्रकरण निघतं, पण अडचण छपाईची नाहीये, नोटेचा कागद आणायचा कुठून ही आहे! ते कोडं तो हळूहळू सोडवतो तेव्हा आपणही सोबत डोकं लावत असतो. ली चाइल्डची खरी ताकद मला इथे वाटते, मारामारीत नाही. सहा फूट पाच इंचांचा माणूस चौघांना लोळवणार हे माहीतच असतं ना, पण हात उचलायच्या आधी तो मनात हिशोब मांडतो, पहिला कोण येणार, कच कोण खाणार, ते वाचायला मजा येते.

‘ब्लू मून’मध्ये (२०१९) नेमकं हेच हरवलंय. सुरुवात इतकी छान, बसमध्ये झोपलेला म्हातारा, खिशातून डोकावणारं पैशांचं पाकीट, त्याच्यावर टपलेला एक पोरगा... आणि मग युक्रेनियन आणि अल्बेनियन टोळ्या येतात आणि नुसते मुडदे पडत राहतात, कोण मेलं याचं काही वाटेनासं होतं. २०२० च्या ‘द सेंटिनल’पासून ली चाइल्डचा धाकटा भाऊ अँड्र्यू त्याच्यासोबत लिहायला लागला, तिथे तर रीचर चक्क बडबड्या झालाय. गप्प बसणं हीच त्याची ओळख होती हो! मला खरंच वाईट वाटलं.

नवीन वाचणाऱ्यांनी क्रमाची काळजी करू नका, जवळपास प्रत्येक गोष्ट सुटी आहे. माझं सगळ्यात लाडकं ‘६१ अवर्स’ (२०१०). साउथ डकोटातली हाडं गोठवणारी थंडी, बर्फात घसरलेली म्हाताऱ्या प्रवाशांची बस, आणि एक रिटायर्ड लायब्ररियन बाई, जिला साक्ष देईपर्यंत जिवंत ठेवायचंय. तास एकेक करून कमी होत जातात आणि तिच्या घरात बसून ती आणि रीचर बोलतात ती पानं मी परत परत वाचलीयेत. फक्त शेवट असा लटकवून ठेवलाय की पुढचं पुस्तक ‘वर्थ डाइंग फॉर’ आधीच आणून ठेवा.