गोळी उष्ण पडली की रंग बाधला?

गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, की आमच्याकडे निदान ठरलेलं: "उष्ण पडली." मावशीला गेल्या पावसाळ्यात तेच झालं. बीपीची गोळी तीच, पण नाशिकच्या सिडकोतल्या दुकानात नेहमीची कंपनी नव्हती म्हणून दुसरी घेतली. दोन तासांत दंड लाल. जुनी गोळी परत सुरू केली, तर काहीच नाही. म्हणजे संशय औषधावर नाही, त्याच्यासोबत गोळीत घातलेल्या मालावर, म्हणजे रंग-कोटिंग वगैरेंवर.

हा माल थोडाथोडका नसतो. २०१९च्या एका अमेरिकी अभ्यासात तोंडाने घ्यायची ४२ हजारांवर औषधं तपासली. गोळीच्या वजनाचा सरासरी तीन-चतुर्थांश भाग औषध नव्हताच, आणि सुमारे ४५ टक्के औषधांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, होतं.

मग काय बदलायचं? सगळ्यात स्वस्त म्हणजे कंपनी. गोळे कॉलनीत, नाशिकच्या औषधबाजारात, एकाच औषधाच्या चार-पाच कंपन्या सहज मिळतात. पांढरी, कोटिंग नसलेली गोळी घेतली की रंग जातो आणि बहुतेकदा कोटिंग लवचीक ठेवणारं मॅक्रोगॉलही. लॅक्टोज, स्टार्च, गोळी बांधून ठेवणारं पोव्हिडोन मात्र राहू शकतात. स्ट्रिपवर रंगाचं नाव असतं, बाकी सगळं बऱ्याचदा "एक्सिपियंट्स क्यू. एस." (इतर घटक, लागतील तेवढे) एवढ्यात गुंडाळलेलं. त्यामुळे रंगाचा संशय असेल तर हाच मार्ग. बाकी घटकांसाठी पाकिटावरच्या पत्त्यावर कंपनीला लिहून विचारावं लागतं.

(दूध प्यायल्यावर पोट फुगतं म्हणून गोळीतल्या लॅक्टोजला घाबरणाऱ्यांसाठी: ती ॲलर्जी नव्हे. कपभर दुधात दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज असतं, गोळीत बहुधा ग्रॅमचा अंश. चहा पचतो ना?)

सिरप सौम्य, हा समज मला पटत नाही. त्यात रंग, वास, गोडीसाठी सॉर्बिटॉल, टिकण्यासाठी पॅराबेन किंवा बेंझोएट, म्हणजे संशयितांची गर्दी वाढते. लॅक्टोज सहसा नसतं, फायदा तेवढाच. कॅप्सूलला बहुधा जिलेटिनचं कवच असतं, वर रंग. फोडून पावडर घेण्याचा उद्योग करू नये. हळूहळू सुटणारं औषध असेल तर ते एकदम पोटात जातं.

ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर यातलं काहीच घरी करून बघायचं नाही. १०८ लावायचा. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी बीपीची औषधं स्वतःच अशी सूज आणू शकतात, कधी कधी काही महिन्यांनीसुद्धा. तिथे कंपनी बदलून काय होणार? औषधच बदलावं लागतं, तेही डॉक्टरांनी. मॅक्रोगॉलचा संशय असेल तर ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाणंच बरं, कारण ते पोट साफ करायच्या पावडरीत आणि काही इंजेक्शनांतही असतं.

मावशीने दोन्ही स्ट्रिपा जपून नेल्या होत्या. नव्या स्ट्रिपवर "टार्ट्राझिन" हा पिवळा रंग छापला होता, जुनीवर रंगाचा उल्लेखच नव्हता. डॉक्टरांनी फाइलवर औषधाऐवजी रंगाचं नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह घालून.