ऑलिंपस टीजी-६ : पुळणीवर पोरांमागे धावणाऱ्यांसाठी

मे महिन्यात भाचरं दापोलीला उतरली की समुद्रावर जाताना मी फोन घरीच ठेवतो. फोनने फोटो वाईट येतात असं नाही. पण तो खिशातून काढला रे काढला की धाकटी भाची दात दाखवत, दोन बोटं वर करून उभी! असे फोटो आमच्याकडे ढिगाने आहेत. मला हवी असते ती लाट यायच्या आधीची तिची पळापळ. म्हणून टीजी-६ हा कॅमेरा घेतला.

२०१९ साली आलेला हा कॅमेरा मुठीत मावतो. पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो असं कंपनी म्हणते; आमचं काम मुरुडच्या (आमच्या दापोलीजवळच्या, जंजिऱ्याच्या नव्हे) गुडघाभर पाण्यात भागतं. दोन मीटरवरून पडला तरी टिकावा अशी बांधणी आहे, त्यामुळे पोरांच्या हातात बिनधास्त देतो.

पैसे वसूल होतात ते मात्र प्रो कॅप्चरमध्ये. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आतल्या आत फोटो घेत राहतो. पूर्ण दाबलं की त्याआधीच्या अर्ध्या सेकंदातलेही कार्डावर उतरतात, सेकंदाला दहा या वेगाने. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं? पण कुर्ली बिळातून निघते, भाचा वाकतो, कुर्ली नांगी उगारते, भाचा मागच्या मागे बसकण मारतो. आपलं बोट हलेपर्यंत तो बसून हसायलाही लागलेला असतो. माझ्याकडे त्याचे दोन्ही पाय हवेत आहेत, एक चप्पल सुटली आहे, आणि चेहऱ्यावर भीती अजून पोचायची आहे. हा फोटो बहिणीने देवघराच्या शेजारी लावलाय, यावर मी काही बोलत नाही.

एक लक्षात ठेवा, अर्धं दाबल्यावर फोकस तिथेच अडकतो. पोर थेट आपल्या अंगावर धावत येत असेल तर धूसर येणार. आडवं पळणारं, उडी मारणारं, वाळूचा किल्ला लाथेने पाडणारं पोर पकडावं.

उजेड टिपणारा सेन्सर छोटा आहे, तेव्हा सूर्य बुडाल्यावर फार आशा ठेवू नये. झूम चारपट, पण ताणला की उजेड आणखी कमी मिळतो, म्हणून जवळ जाणं बरं. हर्णैला संध्याकाळच्या लिलावात उजेड असेपर्यंत मजा येते. टोपलीत बसून झोपलेलं पोर दिसलं की हात शिवशिवतात, पण आधी त्याच्या आईला विचारावं. मी विचारलं तर म्हणाली, "काढा की, मग म्हावरं पण घेऊन जा." फोटो मिळाला, कोलंबीही घरी आली.

वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा फ्लॅश बंद ठेवायचाच, शिवाय फोकससाठी पेटणारा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा. सगळ्यांचे कॅमेरे पिल्लांवर असतात. आपण दोरीपाशी उकिडव्या बसलेल्या पोरांकडे वळवावा. पहिलं पिल्लू लाटेत गेलं की त्यांचे हात नकळत वर जातात. तिथे बटण अर्धं दाबून तयार राहायचं.

घरी आल्यावर कॅमेरा आधी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा, मग पुसून, वाळवून बॅटरी-कार्डाचं झाकण उघडायचं. रबरी सीलवर वाळूचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी पाणी आत शिरू शकतं. आणि हा पाण्यावर तरंगत नाही, सरळ तळ गाठतो. फुगीर पट्टा वेगळा मिळतो, तो कॅमेऱ्याबरोबरच घ्या. भडक नारिंगी घ्या, गढूळ पाण्यात काळा दिसत नाही.