गरम हवा आली, म्हणून मी त्याला पैसे दिले

गेल्या जुलैत कपडे वाळवायच्या ड्रायरच्या दुरुस्तीत आमची फसवणूक झाली. ७,८०० रुपये गेले. पैशांचं दुःख एव्हाना विरलंय. पण त्या माणसाने मशीनमध्ये काय करून ठेवलं होतं आणि त्याच घरात पंधरा दिवसांचं बाळ झोपत होतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही डोंबिवलीला राहतो. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पावसाळ्यात ज्यांच्या घरी बाळंतीण असते त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट, शिवाय दुपटी, झबली, टोपडी. ग्रिलला बांधलेल्या दोऱ्या भरलेल्या, पंख्याखाली खुर्च्यांवर दुपटी पसरलेली, आणि एवढं करून सगळ्याला तो कुबट वास. तीन वर्षांपूर्वी घेतलेला ड्रायर हाच त्या दिवसांत आमचा आधार होता.

खरं तर महिनाभर आधीपासून तो वेळ खात होता. पाऊण तासात होणाऱ्या कपड्यांना दीड तास लागायचा. मशीनचा वरचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापायचा. मला वाटलं, हवाच दमट आहे, चालायचंच. मग एका रविवारी सकाळी ड्रम फिरतोय, आवाज नेहमीसारखा, पण आत गरमपणाच नाही. तासाभराने दार उघडलं तर लंगोट घातले तसेच ओले.

वॉरंटी संपलेली. पुस्तिका माळ्यावरच्या फायलीत. बाळ रडतंय, लेकीला झोप नाही. अशा वेळी कोण माळा काढतं? मी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. त्या नंबरच्या वर बारीक अक्षरांत ती जाहिरात असल्याचं लिहिलेलं होतं, ते मी नंतर पाहिलं. पैसे भरून कोणीही वर येऊ शकतो. कंपनीचं नाव, चिन्ह, ‘अधिकृत’ हा शब्द, सगळं तिथे लिहिता येतं.

फोनवरचा मुलगा अगदी अदबीने बोलला. मॉडेल विचारलं, पत्ता घेतला, आणि तक्रार नोंदवायला १० रुपये भरा म्हणून एक लिंक पाठवली. मला ते लिंकचं जमत नाही, माणूस आला की देईन, असं मी म्हटलं. जावई संध्याकाळी म्हणाले, आई, ती लिंक उघडली नाहीत हे फार बरं झालं. अशा लिंकमधून मोबाईलचा ताबा घेणारं अ‍ॅप बसवतात किंवा पिन काढून घेतात, आणि १० रुपयांच्या नावाखाली खातं रिकामं होतं.

तासाभरात माणूस दारात. रविवारी, भर पावसात. खऱ्या सर्व्हिस सेंटरला त्या दिवसांत दोन-तीन दिवस सहज लागतात, हे तेव्हा सुचलं नाही, उलट मी खूश झाले. अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने मशीन पुढे ओढलं, मागचं झाकण उघडलं, मोबाईलच्या उजेडात दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, “काकू, पीसीबी गेलाय, मशीन चालवणारं कार्ड. हीटरपण वीक झालाय. सेंटरला नेलं तर पंधरा दिवस जातील. माझ्याकडे गाडीवर एक पीस आहे, आत्ता बसवून देतो.”

९,४०० सांगितले. घासाघीस करून ७,८०० वर आला. चार हजार आधी हवेत, म्हणून यूपीआयने दिले. पैसे कंपनीच्या नावावर न जाता कुणा माणसाच्या नावावर गेले, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं. वायरी आणि हीटर तपासायचा मीटर त्याने बॅगेतून एकदाही बाहेर काढला नाही. न मोजताच हीटर वीक असल्याचं त्याला कसं कळलं, हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता.

मग त्याने प्यायला पाणी मागितलं, चहा चालेल म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा झाकण लागलेलं होतं. एक काळं पडलेलं कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाला, हे बघा तुमचं जुनं. मशीन लावलं. दोन मिनिटांत दारातून गरम हवा. मला इतकं हायसं वाटलं की उरलेले पैसे दिलेच, वर लेकीसाठी केलेला डिंकाचा लाडूही त्याच्या हातावर ठेवला.

पुढचे दहा दिवस ड्रायर चालला. अकराव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरापर्यंत वास आला. कपड्याला इस्त्री जास्त वेळ टेकली की येतो तसला. मी धावत जाऊन प्लग काढला. आतल्या एका दुपट्याची किनार पिवळट तपकिरी झाली होती आणि बोटांनी चोळली तर सुटत होती.

या वेळी मी आमच्या कॉलनीतल्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. वीस वर्षं सगळ्या बिल्डिंगची कामं तेच करतात. त्यांनी झाकण काढलं आणि काही न बोलता मला जवळ बोलावून बोट दाखवलं. हीटरजवळ दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या, वर काळी टेप गुंडाळलेली. टेप तापून मऊ पडली होती, चिकट झाली होती. खाली तळाशी धुळीत एक छोटा पांढरा तुकडा पडला होता, दोन पातळ पत्र्याच्या पिना असलेला, अंगठ्याच्या पेराएवढा. तो थर्मल फ्यूज.

काकांनी समजावलं ते त्यांच्याच रीतीने सांगते. आमचा ड्रायर पाइपवाला. हीटर हवा तापवतो, पंखा ती ड्रममधून खेचतो, कपड्यांतलं पाणी घेऊन ती हवा फिल्टरमधून जाते आणि मागच्या पाइपने बाहेर पडते. कपडे नुसत्या उष्णतेने वाळत नाहीत, ओली हवा बाहेर गेली तरच वाळतात. वाट तुंबली की हवा हलत नाही आणि सगळी उष्णता हीटरपाशीच साठते. त्यासाठी आत दोन राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करतो आणि गार झालं की पुन्हा चालू करतो. त्याच्याही पलीकडे तापलं तर थर्मल फ्यूज उडतो. तो एकदाच उडतो, परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. आमच्यासारख्या मशीनमध्ये तो उडला की हीटरची वाट तुटते, ड्रम मात्र फिरत राहतो.

म्हणजे फ्यूजने त्याचं काम चोख केलं होतं. त्या माणसाने तो काढून टाकला आणि वायरी थेट जोडल्या. काका म्हणाले, “वहिनी, थर्मोस्टॅट चालू होता म्हणून एवढ्यावर निभावलं. तो आतल्या आत चिकटला असता, तर हीटर थांबवणारं मशीनमध्ये काही उरलेलंच नव्हतं.”

आणि कार्ड? ते बदललंच नव्हतं. कार्डावरच्या स्टिकरवर मशीनचंच साल, त्याच्या स्क्रूंवर तीन वर्षांची धूळ जशीच्या तशी. हातात दिलेलं जळकं कार्ड दुसऱ्याच कुठल्या मशीनचं. हीटर काकांनी मीटरने तपासला. २,००० वॉटच्या हीटरला २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम यायला हवेत, मीटरवर २७ आले. हीटर ठणठणीत.

मूळ दुखणं निघालं पाइपमध्ये. मशीन भिंतीला इतकं टेकवलेलं की पाइप मागे चेपून चपटा झाला होता, आणि त्या चेपेत कपड्यांचा भुसा अडकून राखाडी नमद्यासारखा थर बसला होता. काकांनी तो हाताने ओढून काढला तेव्हा एक छोटी उशी भरेल एवढा ढीग झाला. हा भुसा म्हणजे कोरडे कापसाचे तंतू, लगेच पेट घेणारे. फिल्टर मी दर वेळी झटकत होते, पण त्याची जाळी वरून स्वच्छ दिसूनही बुजलेली होती. काकांनी ती नळाखाली धरली, तर पाणी खाली न जाता वरच साचून राहिलं. कपडे मऊ करायचं जे द्रव आपण धुताना घालतो, त्याचा पातळ थर जाळीवर बसतो. साबण आणि जुन्या टूथब्रशने घासून वाळवली, की हवा मोकळी होते.

नवा फ्यूज, नवा आखूड पाइप आणि काकांची मजुरी मिळून १,१५० रुपये झाले. मशीन आता भिंतीपासून वीतभर पुढे असतं, पाइप सरळ. जाळी दर वेळी झटकते, पंधरा दिवसांनी धुते. पाइप दर तीन महिन्यांनी काढून झाडायचा. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. ज्यांच्याकडे बिनपाइपचा, पाण्याच्या टाकीचा ड्रायर आहे, त्यांच्याकडे हाच भुसा आतल्या कंडेन्सरवर बसतो, तिथेही लक्ष हवं. आणि बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे ड्रायरमध्ये टाकू नका. धुतले तरी तेल पूर्ण जात नाही, आणि असे कपडे गरम गरम ढिगात पडून राहिले तर आपोआप तापून पेटू शकतात. आमच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलंय. मी ती वाचली ती या प्रकारानंतर.

पुस्तिकेतल्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं की आमच्या नावावर अशी कोणती भेट नोंदलेलीच नव्हती. त्या माणसाने दिलेली पावती पुन्हा नीट पाहिली. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. आमच्या पावतीवरचा १३ अक्षरी होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुठलाही क्रमांक फुकट तपासता येतो, पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटं लागतात.

त्या माणसाने पहिल्या फोनला “उद्या येतो” म्हटलं, मग नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवता येण्याची आशा जास्त असते. आमचे अकरा दिवस गेले होते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही सांगून ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही लागत नाही, पण समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो. पावतीवरच्या पत्त्यावर जावई जाऊन आले. तिथे पिठाची गिरणी आहे.

पैसे अजून आलेले नाहीत. ती टेप लावलेली वायर आणि उडालेला फ्यूज मी पावतीबरोबर एका पिशवीत घालून ठेवलाय, पोलिसांनी मागितला तर असावा म्हणून.

तुमच्याकडे कोणी असाच झटपट येऊन, मीटर न लावता, “कार्ड गेलंय” म्हणून ड्रायर गरम करून देऊन गेला असेल, तर आजच प्लग काढा. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि हीटरजवळचा फ्यूज जागेवर आहे का, एवढं डोळ्यांनी बघा. तोवर कपडे पंख्याखाली वाळवा.