विंचेस्टर ५२ की बीएसए मार्टिनी?

ओहायोतील माझ्या वयोवृद्ध संग्राहक मित्राने आपल्या दोन जुन्या .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या) रायफलींपैकी एक मला विकायची ठरवली आहे, आणि दोन्ही हाताळल्यावर निवड सोपी राहिलेली नाही. विंचेस्टर ५२ ही 1920 ते 1980 या काळात अमेरिकेत तयार झालेली बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा हाताने मागेपुढे सरकवायची, नेमबाजी रायफल. दुसरी बर्मिंगहॅमची बीएसए मार्टिनी इंटरनॅशनल, जिच्यात खालची तरफ ओढली की नळीचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा खाली झुकतो आणि एकेक काडतूस हाताने भरावे लागते.

मार्टिनीची यंत्रणा आखूड असल्याने तेवढ्याच लांबीच्या नळीसह रायफल आटोपशीर राहते. मात्र तिचे सुटे भाग आणि ती नीट उघडून बसवणारा कारागीर इथे शोधावा लागतो. विंचेस्टरबाबत ही अडचण बरीच कमी आहे. तिचा अक्रोडाचा दस्ता गालाच्या जागी झिजून गुळगुळीत झाला आहे, पण बोल्ट काढून नळीत प्रकाश टाकला तेव्हा आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, स्वच्छ दिसले. रिकामी रायफल वारंवार झाडल्यास काडतूस बसते त्या तोंडाच्या कडेला खाच पडते. मार्टिनीत तशी बारीक खाच नखाला लागली, आणि माझ्या दृष्टीने हाच दोष निर्णायक आहे.

मित्र शेजारच्या राज्यात राहतो, त्यामुळे व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागेल. मी विंचेस्टर घेणार आहे, आणि तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता देणार आहे.