केनियात हॉस्पिटल व्हॉलंटियरिंगचं पॅकेज: पैसे वसूल झाले का?

खूप जण मेसेज करून विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी मुंबईत महापालिकेच्या कॉलेजात एमबीबीएस करतेय, आणि सुट्टीत मोंबासाजवळच्या एका सरकारी काउंटी हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणून जाऊन आले, एका परदेशी कंपनीच्या पॅकेजमधून. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको, आणि तसंही अशा कंपन्यांच्या वेबसाइटा सगळ्या एकाच साच्यातल्या असतात, गळ्यात स्टेथो, मांडीवर लहान मूल आणि खाली "हँड्स ऑन एक्स्पीरियन्स".

जायचं ठरलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "केईएमला काय पेशंट कमी पडले का गं?" बरोबर होता प्रश्न. गर्दी बघायची, एका बेडवर दोघं बघायचे, म्हणून विमानाचं तिकीट काढणार असाल तर नका काढू, परळ-सायनला ते फुकटात दिसतं. टाके घालणं, आयव्ही लावणं, डिलिव्हऱ्या, हे आपल्याकडे इंटर्नशिपमध्ये नको म्हणेपर्यंत मिळतं. माझ्याबरोबर इंग्लंड-अमेरिकेतली मुलं होती, त्यातले काही अजून मेडिकललाही लागले नव्हते, त्यांना मात्र लेबर रूममध्ये उभं राहायला मिळालं हेच फार होतं. एकाला तर स्वतः डिलिव्हरी करायची होती. सिस्टर-इन-चार्जनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातात पार्टोग्राफचा, म्हणजे कळा आणि बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या नोंदीचा, कागद दिला, म्हणाल्या आधी हा भरून दाखव. मला मनापासून आवडल्या त्या बाई. बाकी त्या वॉर्डात नातेवाईक थर्मासमधून उजी म्हणजे पातळ पेज घेऊन येतात, आणि बाळ येतं ते रंगीत लेसोत, म्हणजे सुती कापडात, गुंडाळून, ज्याच्यावर काठाला स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते.

आता खरी कमाई कुठली तर पिडियाट्रिक वॉर्ड. तिथे बरंचसं काम क्लिनिकल ऑफिसर बघतात, म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा अधिक एक वर्ष इंटर्नशिप, एमबीबीएस नाही. आपल्याकडे असं कोणी सांगितलं तर आपण नाक मुरडणार, पण ज्यांच्या हाताखाली मी होते ते साहेब इतके पक्के होते की आमच्या काही लेक्चररना पाठवावं शिकायला (हे कॉलेजात कोणाला दाखवू नका). एके दिवशी तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं एक पोरगं आलं, तळहात पांढरे फटक, म्हणजे अंगात रक्त कमी असल्याची खूण. आमच्यातल्या एका मुलीने लगेच विचारलं, फ्लुइड बोलस, म्हणजे भराभर सलाईन, द्यायचा ना, पुस्तकात तर तेच आहे. साहेब म्हणाले थांब, आधी हिमोग्लोबिन आणि मलेरियाची रॅपिड टेस्ट, आणि रक्ताची सोय बघा. मग राउंड संपल्यावर त्यांनी फीस्ट ट्रायल समजावली. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या 3,141 मुलांवर झालेली, 2011 साली छापून आली, शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण ढासळल्याची, लक्षणं असलेल्या तापाच्या मुलांना भराभर सलाईन चढवलं तर 48 तासांत दगावणाऱ्यांचं प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास, आणि बोलस न देता सावकाश फ्लुइड दिलं तर 7.3 टक्के. म्हणजे जगभर जे बिनदिक्कत करत होते तेच या मुलांना नडत होतं. हे मी आधी कुठेतरी एका ओळीत वाचलं असेन पण लक्षात राहिलं ते त्या दिवशी. आणि हे काम उभं राहिलं त्यात मोंबासापासून जवळच असलेल्या किलिफीच्या संशोधन केंद्राचा मोठा हात, ते 1989 पासून चालू आहे.

मलेरियाही आपल्यापेक्षा वेगळा. मुंबईत पावसाळ्यात व्हायवॅक्स जातीचा भरपूर, त्यावरची प्रायमाक्विनची गोळी चौदा दिवस वगैरे आपल्याला पाठ असतं, तिकडे जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे जास्त जीवघेणी जात, आणि औषध आर्टिमिथर-ल्युमेफँट्रिन, तीन दिवसांत सहा डोस, आणि दुधाबरोबर किंवा जेवणावर घ्यायचं नाहीतर नीट शोषलं जात नाही, हे नर्स प्रत्येक आईला पढवून सांगते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलंही इतकी बघितली की बस. आपल्या राज्यात तो आजार गडचिरोली-नंदुरबारकडे आहे पण मुंबईत बसून रोज कोण बघतंय.

आता कंपनीबद्दल. एअरपोर्टवर घ्यायला माणूस आला, राहायची जागा स्वच्छ, मच्छरदाणी होती, जेवण चांगलं, याबद्दल काही तक्रार नाही. सकाळी महामरी, म्हणजे तिकडच्या तळलेल्या गोडसर पुऱ्या, आणि नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे, तो नाश्ता मी अजून मिस करते. पण फी पाउंडात घेतात आणि त्यातले हॉस्पिटलला किती जातात असं तीनतीनदा विचारूनही सरळ उत्तर नाही, नुसतं "वी सपोर्ट द कम्युनिटी". हॉस्पिटलच्या ऑफिसात सहज विचारलं तर कळलं की त्यांची स्वतःची अटॅचमेंट फी, म्हणजे शिकायला येणाऱ्यांकडून घ्यायची फी, असते आणि ती कंपनीच्या फीपुढे चिल्लर आहे. मग मधले पैसे कशाचे? मार्केटिंगचे, आणि वीकेंडच्या सफारीसाठी मागे लागणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपचे.

सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ग्रुपमधल्या एका मुलीला सुई टोचली. पेशंटचं एचआयव्ही स्टेटस माहीत नाही. कंपनीचा चोवीस तास चालू असणारा इमर्जन्सी नंबर वाजून वाजून बंद पडला, कोऑर्डिनेटरचा फोन आला संध्याकाळी, तोही "आर यू ओके" विचारायला. पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं, 72 तासांच्या आत, खरं तर जितकं लवकर तितकं बरं, आणि मग 28 दिवस. त्याच सिस्टर-इन-चार्ज तिला हाताला धरून सीसीसीमध्ये घेऊन गेल्या, तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत एचआयव्हीच्या क्लिनिकला असं म्हणतात, आणि तासाभरात पहिला डोस पोटात. पॅकेजात लिहिलेल्या "कंप्लीट मेडिकल सपोर्ट"चा यात काडीचा संबंध नव्हता.

म्हणून बुक करण्याआधी लेखी विचारा: सुई टोचली तर कोण धावणार, आणि संप झाला तर पैसे परत मिळणार का. हे दुसरं हसण्यावारी नेऊ नका, तिथे 2016-17 ला डॉक्टरांचा संप 100 दिवस चालला होता आणि 2024 ला 56 दिवस, अशात गेलात तर रिकामे वॉर्ड बघून याल. आणि कॉलेज ही पोस्टिंग धरेलच असंही नाही, डीन ऑफिसला आधी विचारून घ्या. जमत असेल तर तिकडच्या मेडिकल कॉलेजला किंवा हॉस्पिटलला इलेक्टिव्हसाठी, म्हणजे आपण निवडलेल्या पोस्टिंगसाठी, थेट मेल टाका, उत्तर यायला वेळ लागतो पण पैसे वाचतात.

माझे स्टार: हॉस्पिटलला पाच, कंपनीला दोन, त्यातला एक स्वयंपाकाच्या मावशींचा.

तयारीचं थोडक्यात. व्हिसाच्या जागी 2024 पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, आहे. यलो फीवरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिकिटाच्या तारखेआधी हे उरका. ते नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर अडवतात आणि सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियासाठी मी डॉक्टरांना विचारून डॉक्सी, म्हणजे डॉक्सिसायक्लिनची गोळी, घेत होते, रोज एक, आणि ती परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, बरेच जण मुंबईत उतरल्या दिवशी बंद करतात. उपाशीपोटी घेऊ नका, जाम मळमळतं.