एकच जर्सी घ्यायची तर: यँकीज की मेट्स?

भाचा गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एडिसनला आला. घर झालं, गाडी झाली, आता त्याला बेसबॉल बघायचंय. "मामा, ऑफिसात सगळे हेच बोलतात. जर्सी एकच घेणार. कुठली घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण न्यू जर्सीत राहणाऱ्याला अडचणीत टाकणारा. आमच्या राज्याची मोठ्या लीगमध्ये स्वतःची टीमच नाही, त्यामुळे नदीपलीकडच्या न्यूयॉर्कच्या दोघींपैकी एकीला आपलं म्हणावं लागतं. 27 मार्चला दोघींचाही 2025 चा हंगाम सुरू होतोय. आज मार्चच्या मध्यावर दोन्ही टीमा कुठे उभ्या आहेत ते मांडतो.

आधी माझा पक्षपात सांगून टाकतो. मी इथे 2009 मध्ये आलो आणि त्याच वर्षी यँकीज विश्वविजेते झाले. मला वाटलं, हे दरवर्षीचंच असणार. त्यानंतर एकदाही नाही.

या हिवाळ्याची गोष्ट एका माणसाभोवती फिरते: ह्वान सोटो. गेल्या वर्षी तो यँकीजकडे होता. 41 होमरन (आपला षटकार समज), 129 वॉक आणि क्लीव्हलँडमध्ये दहाव्या इनिंगमध्ये (इथे इनिंग म्हणजे छोटा डाव, एरवी नऊच असतात) मारलेला तो तीन रनांचा होमरन, ज्यामुळे यँकीज वर्ल्ड सीरिजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोहोचले. वॉक म्हणजे पिचरने, आपल्या भाषेत बोलरने, चार वाईट चेंडू टाकले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस. सोटो खराब चेंडूला हातच लावत नाही, नुसता बघत उभा राहतो, आणि पिचरचा जीव मेटाकुटीला येतो. डिसेंबरात मेट्सनी त्याला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर देऊन नेलं. यँकीजनी 16 वर्षांचे 76 कोटी देऊ केल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे पैशात फार अंतर नव्हतं.

आयपीएलच्या सवयीने हे आकडे वाचू नकोस. इथे लिलाव नसतो. खेळाडूची मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं भरली की तो मोकळा होतो आणि कुणाशीही बोलणी करतो. त्याआधी मालक त्याला न विचारता दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात तिचे खेळाडू घेऊ शकतो. सोटोचं तसं दोनदा झालंय: वॉशिंग्टनने त्याला सॅन दिएगोला दिलं, त्यांनी यँकीजना. वॉशिंग्टनने 2022 मध्ये देऊ केलेले 44 कोटी डॉलर त्याने नाकारले होते. तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं, आज कोण हसतंय ते दिसतंय. नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात ऋषभ पंतला 27 कोटी रुपये मिळाले, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली होती. सोटोला वर्षाला सरासरी 5.1 कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ 440 कोटी रुपये मिळणार आहेत. टीमच्या पगारावर वरची मर्यादा नाही, फक्त ठरावीक रकमेच्या पुढे दंडवजा कर लागतो. मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन हेज फंडवाले. सर्वांत वरच्या पायरीच्या कराला लोकांनी त्यांचंच नाव दिलंय आणि ते तो निमूटपणे भरतात.

यँकीजनी काय केलं?

सोटो गेल्यावर यँकीजचे जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन रडत बसले नाहीत. एका माणसाचे पैसे त्यांनी चार ठिकाणी वाटले. डावखुरा पिचर मॅक्स फ्रीड 8 वर्षांसाठी 21.8 कोटी डॉलरना. शिकागो कब्जकडून कोडी बेलिंजर. मिल्वॉकीकडून क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, डेव्हिन विल्यम्स. पहिल्या बेसवर पॉल गोल्डश्मिट, एका वर्षासाठी 1.25 कोटी. बेलिंजर 2019 चा आणि गोल्डश्मिट 2022 चा नॅशनल लीगमधला सर्वोत्तम खेळाडू (मोठ्या लीगचे दोन भाग: मेट्स नॅशनलमध्ये, यँकीज अमेरिकनमध्ये). नावं मोठी आहेत, पण वर्षं बघ. गोल्डश्मिट आता 37 चा आहे.

तरी एक गोष्ट मला मनापासून पटली. गेल्या वर्षी सोटोला राइट फील्डमध्ये उभं करायचं म्हणून सहा फूट सात इंची आरन जज सेंटर फील्डमध्ये धावत होता. 30 ऑक्टोबरला वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या मॅचमध्ये यँकीज 5-0 पुढे होते. पाचव्या इनिंगमध्ये जजच्या हातून सोपा झेल सुटला, अँथनी व्होल्पीचा थ्रो चुकला, पिचर गेरिट कोल पहिल्या बेसवर धावलाच नाही. बघता बघता 5-5, शेवटी 7-6 ने हार आणि ट्रॉफी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे. गल्ली क्रिकेटमध्येसुद्धा अशी इनिंग पाहिली नव्हती मी. आता बेलिंजर मध्ये आणि जज आपल्या जागी, उजवीकडे. क्षेत्ररक्षण नक्की सुधारेल. शिवाय यँकी स्टेडियमची उजवी बाजू अवघी 314 फुटांवर आहे, डावखुऱ्या बॅटरला गोड खाऊच. बेलिंजर डावखुरा आहे. सोटोही डावखुराच, पण आता त्याला मेट्सच्या ऐसपैस मैदानावर खेळायचंय.

इथपर्यंत मी यँकीजची बाजू नेटाने लढवत होतो. मग हा महिना आला. कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, त्याचं अख्खं वर्ष गेलं. गेल्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला पिचर लुईस गिल पाठीच्या स्नायूमुळे बाहेर. जियानकार्लो स्टँटनचे दोन्ही कोपर दुखतायत. तिसऱ्या बेसवर भरवशाचा माणूस अजून सापडलेला नाही. फ्रीडला कोलच्या जोडीला आणलं होतं, आता त्याला कोलच्या जागीच उभं राहायचंय.

आणि मेट्स?

मेट्सची बॅटिंग बघून तोंडाला पाणी सुटतं. लिंडोर, सोटो, अलोन्सो, निम्मो, व्हिएंतोस. लिंडोर गेल्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात डॉजर्सच्या ओहतानीच्या खालोखाल होता. पीट अलोन्सो जवळपास हातचा गेला होता, फेब्रुवारीत 2 वर्षांसाठी 5.4 कोटींवर परतला. पण या वर्षानंतर निघून जायची मुभा त्याने करारात ठेवलीय, म्हणून त्याच्या नावाची जर्सी घेऊ नकोस. गेल्या ऑक्टोबरात मिल्वॉकीविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये मेट्सचा खेळ संपल्यातच जमा होता, तेव्हा याच अलोन्सोने तीन रनांचा होमरन मारून टीमला वाचवलं. चेंडू टाकणारा कोण होता? डेव्हिन विल्यम्स. हो, यँकीजनी आणलेला तोच. 16 मे पासून यँकी स्टेडियमवर दोन्ही टीमांच्या तीन मॅच आहेत. नवव्या इनिंगमध्ये हे दोघं पुन्हा समोरासमोर आले, तर मला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

मेट्सचं दुखणं पिचिंगचं आहे. पिचर सेंगा गेल्या वर्षी नियमित हंगामात एकाच मॅचमध्ये सुरुवातीपासून चेंडू टाकू शकला. शॉन मनायाला 3 वर्षांचे 7.5 कोटी देऊन ठेवून घेतलं आणि त्याचा बरगडीजवळचा स्नायू दुखावला. नव्याने आणलेला फ्रँकी मोंतास पहिल्याच आठवड्यात जायबंदी. विकेटकीपरसारखं काम करणारा कॅचर अल्वारेझ हाताच्या हाडामुळे बाहेर. सर्वांत मोठा जुगार क्ले होम्सवर आहे. हा यँकीजचा क्लोजर होता, म्हणजे आपल्या भाषेत डेथ ओव्हर्सचा बोलर. त्याला 3 वर्षांचे 3.8 कोटी देऊन मेट्स सांगतायत, आता मॅच तूच सुरू कर आणि पाच-सहा इनिंग टाक. सराव सामन्यांत बरा दिसला. पण सराव सामन्यांत सगळेच बरे दिसतात.

म्हणजे पिचिंगमध्ये दोन्हीकडे बोंब आहे. फरक एवढाच, की यँकीजकडे फ्रीड आणि कार्लोस रोडोन हे दोन तगडे डावखुरे उरतात, मेट्सकडे एकही पक्का मोहरा नाही. बॅटिंगमध्ये उलटं. जजच्या आधी सोटो बॅटिंगला यायचा तेव्हा समोरच्या पिचरला श्वास घ्यायला जागा नसायची. एक टाळावा तर दुसरा समोर. आता जजला सरळ वॉक देऊन त्याच्यानंतर येणाऱ्याशी दोन हात करणं परवडेल. गेल्या वर्षी 58 होमरन मारणाऱ्या माणसाला चेंडूच कमी मिळाले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

समोरच्यांचाही विचार कर. यँकीजच्या गटात बाल्टिमोरने आपला सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स गमावला, पण बॉस्टनने गॅरेट क्रोशे आणि अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणून ताकद वाढवलीय. मेट्सच्या गटात फिलाडेल्फिया आणि अटलांटा दोघंही दांडगे. तिथे पहिलं येणं कठीण, मात्र लीगमधून सहा टीमा पुढे जातात. मेट्स गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला 24 विजय, 35 पराभव अशा गाळात होते आणि तरी नॅशनल लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेले. डॉजर्सचं मी मुद्दाम बोलत नाही. ब्लेक स्नेल, रोकी सासाकी, टॅनर स्कॉट असं जे दिसेल ते त्यांनी उचललंय, आणि त्यांचे चाहते व्हायला कुणाचा सल्ला लागत नाही.

नुसतं यंदाचं विचारशील तर मी यँकीजना केसभर पुढे ठेवतो, आणि तेही त्यांचा गट जरा विस्कळीत आहे म्हणून. पण तू यंदापुरता विचारत नाहीयेस. जज एप्रिलमध्ये 33 चा होईल, स्टँटन 35 चा आहे, गोल्डश्मिट एका वर्षाचा पाहुणा. सोटो 26 चा आहे. पाचव्या वर्षानंतर करार मोडायचा हक्क त्याला आहे, पण त्याचं वर्षाचं मानधन 40 लाख डॉलरने वाढवून मेट्स त्याला रोखू शकतात, आणि कोहेनकडे बघता ते रोखतील. तू हा खेळ शिकशील, चार-पाच वर्षांत तुला तो खरा कळायला लागेल, तेव्हाही हा माणूस त्याच टीममध्ये असण्याची शक्यता जास्त. नव्या प्रेक्षकाला ओळखीचा एक चेहरा लागतो. आपण नाही का, तेंडुलकर आउट झाला की टीव्ही बंद करायचो?

स्वभावाचंही बघ. यँकीजकडे 27 विजेतेपदं आणि त्यांची ऐट. 1976 पासून त्यांच्या खेळाडूंना दाढी ठेवायची बंदी होती. गेल्या महिन्यात ती उठली, आणि इथल्या वर्तमानपत्रांत त्यावर कोलच्या कोपराइतकंच छापून आलं. हरले तर चाहते मालकाच्या नावाने शिमगा करतात. मेट्स 1986 नंतर जिंकलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या चाहत्यांत एक सोशिक विनोद आहे. पुण्यात पीएमटीची वाट बघत वाढलेल्या माणसाला तो जमेल.

जाण्यायेण्याचं थोडक्यात: एडिसनहून दोन्हीकडे पेन स्टेशनमार्गेच जावं लागतं. यँकीजसाठी पुढे हेरल्ड स्क्वेअरहून डी ट्रेन, 161 व्या रस्त्यापर्यंत. मेट्ससाठी पेन स्टेशनवरूनच लाँग आयलंडची गाडी थेट मैदानाच्या दारात. परतताना 7 नंबरच्या ट्रेनने 74 व्या रस्त्यावर, जॅक्सन हाइट्सला उतरलास तर पोटाची सोयही होते. टीव्हीवर यँकीज येस चॅनेलवर, मेट्स एसएनवायवर. घरी जे लागतं ते आधी तपास.

एका गोष्टीमुळे मात्र यँकीज सोड असं सांगताना मी अडखळतो. त्यांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) व्होल्पी न्यू जर्सीत वाढलाय. आपल्या राज्याचा पोरगा. यंदा त्याची बॅट चालली, तर वरचं सगळं मी मागे घेईन.

तोवर माझा सल्ला: मेट्स घे, सोटोचा 22 नंबर. तो आकडा सोटोसाठी ब्रेट बेटी या सहकाऱ्याने सोडला आणि बदल्यात सोटोने त्याला एक मोठी शेव्हरले गाडी भेट दिली. माझ्याकडेही 22 नंबरच आहे, गेल्या वर्षी हौसेने घेतलेली यँकीजची पट्ट्यापट्ट्यांची. मामीने डिसेंबरातच विचारलं, आता हिचं काय करायचं? यँकीजच्या जर्सीवर पाठीमागे खेळाडूचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. मी ती धुऊन, इस्त्री करून परत कपाटात ठेवलीय.